तांब्याच्या नाण्यावर पुन्हा पुन्हा येणारी हिरवी पूड : कारण, तपासणी आणि उपाय

शिवराई किंवा व्हिक्टोरियाच्या काळातला पाव आणा चिंचेनं घासून लख्ख केला, आणि काही महिन्यांत त्याच जागी फिकट हिरवा ठिपका पुन्हा उगवला. पावसाळा असेल तर काही दिवसांतच. परत घासलं, परत आला, आणि आता ठिपक्याखाली बारीक खड्डाही दिसतो आहे. नाणी जमवणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे. घासणं कमी पडतं म्हणून असं होत नाही. तो हिरवा रंग वरून बसलेली घाण नसतोच. धातू आणि वरचा थर यांच्यामध्ये क्लोराइड (मिठात असतं तेच) शिरलेलं असतं आणि ते आतून तांबं खात असतं. ते बाहेर काढलं, किंवा निदान त्याला मिळणारा ओलावा तोडला, तरच ठिपका थांबतो.

आत काय चालतं

मातीत, विहिरीत, खारट हवेत किंवा घामट हातांत राहिलेल्या तांब्यात क्लोराइड शिरतं आणि तांब्याशी मिळून क्युप्रस क्लोराइड तयार होतं. हे फिकट, मेणासारखं संयुग थराखाली निवांत पडून असतं. हवेतला ओलावा आणि प्राणवायू त्याच्यापर्यंत पोचले की त्याची हिरवी पूड होते, आणि सोबत थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. ते आम्ल शेजारच्या तांब्यावर जातं आणि नवं क्युप्रस क्लोराइड तयार करतं. चक्र पूर्ण झालं. यात क्लोराइड खर्च होत नाही, फक्त तांबं खर्च होतं. त्यामुळे कणभर क्लोराइडही वर्षानुवर्षं काम करत राहतं. संग्राहक याला ब्राँझ डिसीज म्हणतात. नाव ब्राँझचं असलं तरी शुद्ध तांब्यालाही तो होतो. संसर्गजन्य रोगासारखा तो एका नाण्यावरून दुसऱ्यावर उडत नाही, पण आजारी नाण्याची पूड शेजारच्या नाण्यावर सांडली तर क्लोराइडही सांडतं, म्हणून वेगळं ठेवणं योग्यच.

आता चिंच, लिंबू, व्हिनेगर, मीठ आणि भांडी घासायच्या पावडरी यांचं काय होतं ते पाहा. आंबट पदार्थ तांब्याला चावतो. तांब्याच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं ते यामुळेच. नाण्यावरचा संरक्षक थर त्यात विरघळतो आणि उघडं, गुलाबी तांबं वर येतं. त्यात लिंबासोबत मीठ वापरलं असेल तर आपण स्वतःच्या हातानं नवं क्लोराइड आत भरलं. वर नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्यानं धुतलं. हिरवा ठिपका परत यायला लागणारं सगळं साहित्य त्या एका धुण्यात जमा होतं. कोला पेयात फॉस्फरिक आम्ल असतं, त्याचाही परिणाम वेगळा नाही.

आधी ओळखा : चार प्रकारचे हिरवे

प्रत्येक हिरवा रंग रोगाचा नसतो, आणि निरोगी नाण्यावर उपचार करणं हेच सगळ्यात मोठं नुकसान आहे. दहापट भिंग, तिरका दिवा आणि बांबूची टूथपिक एवढं जवळ ठेवा.

गडद हिरवा, गुळगुळीत, घट्ट बसलेला, टूथपिकनं न निघणारा थर म्हणजे तांब्याचं कार्बोनेट. हा पॅटिना. याला हात लावू नका. जुन्या शिवराईवर ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरं पुष्कळदा या थरातच टिकून असतात. खाली धातू झिजलेला असतो. थर गेला की अक्षर गेलं.

चिकट, किंचित ओलसर दिसणारा, बोटाला लागणारा हिरवा, आणि तोही नाणं मऊ प्लास्टिकच्या पाकिटात किंवा अल्बममध्ये असताना आलेला, हा पीव्हीसीचा प्रताप. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून घातलेलं द्रव्य बाहेर येतं, प्लास्टिकमधून आम्लही सुटतं, आणि दोन्ही तांब्याशी मिळून हा चिकट लेप तयार करतात. हा ॲसिटोनमध्ये निघतो.

मेणचट, खोबणीत साचलेला हिरवा हा त्वचेच्या तेलाचा आणि तांब्याचा साबण. देवघरातल्या, तेला-तुपाचा हात लागलेल्या नाण्यांवर हमखास दिसतो. हाही बराचसा ॲसिटोनमध्ये सुटतो.

उरला खरा रोग. फिकट, पोपटी-निळसर, भुसभुशीत पूड. ठिपक्याठिपक्यानं येते, टूथपिक लावली की झडते, आणि खाली खड्डा किंवा फिकट मेणासारखा कण दिसतो. खात्री नसेल तर ओलाव्याची चाचणी करा. झाकण घट्ट लागणाऱ्या डब्यात डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेला कापूस ठेवा, नाणं उलट्या छोट्या वाटीवर ठेवा म्हणजे पाण्याला टेकणार नाही, आणि २४ ते ४८ तास थांबा. रोग जिवंत असेल तर नवे फिकट ठिपके फुटलेले दिसतील. काहीच झालं नाही तर नाणं स्थिर आहे. नीट कोरडं करून ठेवून द्या. ही चाचणी फक्त संशयित तांब्या-ब्राँझच्या नाण्यावर करा, चांगल्या नाण्यांवर उगाच नको.

धातू कोणता हेही एकदा पडताळा. पाव आण्याचं नाणं १९०६ पर्यंत तांब्याचं होतं, वजन साधारण ६.४८ ग्रॅम, १९०६ पासून ते ब्राँझचं झालं आणि वजन ४.८६ ग्रॅमवर आलं. १९०६ साल दोन्हींत सापडतं, त्यामुळे काटा हवाच. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा पुरेसा आहे. उपचाराआधीचं वजन आणि दोन्ही बाजूंचे फोटो एकाच दिव्याखाली घेऊन ठेवा. नंतर रंग किती बदलला, किती धातू गेला, याचा तोच एक पुरावा असतो.

ॲसिटोन पहिल्यांदा, आणि बहुतेक वेळा शेवटचंही

काचेच्या बरणीत नाणं बुडेल एवढं शुद्ध ॲसिटोन, झाकण लावून २४ तास. नखांचा रंग काढायचं द्रव चालणार नाही. त्यात तेल, सुगंध आणि पाणी असतं. प्लास्टिकची वाटी वापरू नका, अनेक प्लास्टिक त्यात विरघळतात आणि तो लेप नाण्यावर बसतो. ॲसिटोनची वाफ लगेच पेटते, म्हणून शेगडी, निरांजन, उदबत्ती यांपासून लांब आणि खिडकी उघडी. दुसऱ्या दिवशी ताज्या ॲसिटोनमध्ये एकदा बुचकळून काढा, मऊ सुती कापडावर आपोआप वाळू द्या. पुसू नका, टिपा. ॲसिटोन तेल, चिकटपट्टीचा गोंद आणि पीव्हीसीचा लेप घेऊन जातं; धातू, पॅटिना आणि टोनिंग (काळानं चढलेला रंग) यांना धक्का लावत नाही. म्हणूनच नाण्यावर बेधडक सुचवता येईल असा हा एकच द्रव आहे. क्लोराइड मात्र त्यात विरघळत नाही.

घट्ट बसलेल्या मातीसाठी ऑलिव्ह तेलात महिनोन्‌महिने ठेवायची पद्धत लोकप्रिय आहे. तेलातली आम्लं हळूहळू तांब्याला चावतात, आणि नाणं कायमचं काळपट-ओशट होतं. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन तेच काम करतं आणि त्यात आम्ल नसतं. आठवडाभर बुडवा, बांबूच्या काडीनं भिंगाखाली माती हलवा, परत बुडवा. शेवटी ॲसिटोननं पॅराफिन काढा. ज्या नाण्यावर रोगाची पूड आहे त्याला तेल लावून गप्प करायला जाऊ नका. क्लोराइड आतच राहतं आणि पुढच्या उपचाराला तेलाचा थर आडवा येतो.

क्लोराइड बाहेर काढणं

खरा रोग असेल तर सोडियम सेस्क्विकार्बोनेटचं द्रावण लागतं. तयार मिळालं तर ५ टक्के, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम. नाही मिळालं तर घरी बनतं : एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात निर्जल सोडियम कार्बोनेट २३.५ ग्रॅम आणि सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे खाण्याचा सोडा, १८.५ ग्रॅम. सोडियम कार्बोनेट खड्यांचं, म्हणजे पाणी धरलेलं असेल, तर त्याचं वजन सुमारे ६३ ग्रॅम घ्यावं लागतं. इथंच पुष्कळांचं प्रमाण चुकतं, म्हणून बाटलीवरचं लेबल नीट वाचा. दोन्ही वस्तू प्रयोगशाळेच्या दर्जाच्या घ्या. किराणा दुकानातल्या धुण्याच्या सोड्यात मीठ असू शकतं, आणि मीठ काढायला बसलेल्या माणसानं मीठ घालणं बरं नव्हे. पाण्याच्या बाबतीतही तेच. बाटलीबंद पिण्याचं पाणी किंवा आरओचं पाणी चालत नाही. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी चालतं, फक्त ते आम्ल नसून पाणीच आहे याची खात्री करा.

आधी भिंगाखाली बांबूच्या काडीनं सुटी पूड काढा. तोंडावर मास्क, खाली कागद, आणि तो कागद नंतर फेकून द्या. मग ॲसिटोन. मग एका नाण्याला १०० ते १५० मिलिलिटर द्रावण, काचेच्या बरणीत, नाणं तळाला सपाट न टेकवता काचेच्या दोन काड्यांवर. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन दिवसांनी द्रावण बदला, नंतर आठवड्याला एकदा. हे काम आठवड्यांचं आहे, जुन्या खोल रोगाला महिने लागतात. उकळून घाई करू नका. गरम द्रावणात क्लोराइड लवकर निघतं, पण पॅटिनाही लवकर जातो.

द्रावणाला हलकी निळसर छटा येणं स्वाभाविक आहे. गडद निळं होत असेल तर पॅटिना विरघळतो आहे. द्रावण निम्म्यानं पातळ करा. कधी नाण्यावर निळा-हिरवा नवा थर बसतो. तो तांबं-सोडियमचं कार्बोनेट असतो, रोग नव्हे. तरीही हे आधीच ठरवून घ्या : या उपचारानं नाण्याचा रंग थोडा बदलू शकतो. चांगल्या अवस्थेतलं दुर्मीळ नाणं असेल आणि ठिपके एक-दोनच असतील, तर हा टप्पा सोडून थेट कोरड्या साठवणीकडे जाणं अनेकदा जास्त शहाणपणाचं ठरतं.

थांबायचं कधी हे अंदाजानं ठरवू नका, चाचणी करा. बदलायला काढलेल्या द्रावणातलं ५ मिलिलिटर परीक्षानळीत घ्या. विरल नायट्रिक आम्ल थेंबाथेंबानं घाला, फसफसणं थांबलं की आणखी दोन थेंब. मग सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे दोन-तीन थेंब. दुधासारखं पांढरं झालं तर क्लोराइड अजून निघतं आहे. आम्ल घालायचं विसरलं तर कार्बोनेटमुळेच गढूळ होतं आणि चाचणी खोटी ठरते. शेजारी ताज्या, न वापरलेल्या द्रावणाची नळी तशीच करून ठेवा आणि दोन्ही काळ्या कागदासमोर धरून तुलना करा. सलग दोन वेळा दोन्ही नळ्या सारख्या दिसल्या की नाणं बाहेर काढा. हातमोजे आणि चष्मा हवाच : सिल्व्हर नायट्रेटनं बोटं काळी होतात, नायट्रिक आम्लानं भाजतं.

पुढे डिस्टिल्ड पाण्यात धुणं. रोज पाणी बदलत चार-पाच दिवस, पीएच पट्टी ७ च्या आसपास येईपर्यंत. नंतर ॲसिटोनमध्ये दहा-दहा मिनिटं दोनदा, म्हणजे भेगांतलं पाणी बाहेर येईल. त्यानंतर हेअर ड्रायरची कोमट हवा किंवा तासभर दिव्याखाली ऊब. हा वाळवण्याचा टप्पा घाईत उरकला तर आधीचे महिने वाया जातात, कारण भेगेत अडकलेल्या थेंबभर पाण्यावर उरलंसुरलं क्लोराइड लगेच जागं होतं. आता ओलाव्याची चाचणी पुन्हा करा. ठिपके आले तर परत द्रावणात.

काही जण यानंतर बेंझोट्रायाझोल वापरतात : आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या १०० मिलिलिटरमध्ये ३ ग्रॅम, २४ तास बुडवून, मग अल्कोहोलनं भिजवलेल्या कापसानं वरचे पांढरे स्फटिक पुसून. ते तांब्यावर पातळ संरक्षक पापुद्रा तयार करतं. क्लोराइड भरपूर शिल्लक असेल तर त्याचा उपयोग होत नाही, म्हणून ते शेवटीच. हे रसायन आरोग्याला घातक आहे. पूड श्वासात जाऊ देऊ नका, नायट्राइलचे मोजे घाला, स्वयंपाकघरात हे काम करू नका. घरात लहान मुलं असतील तर हा टप्पा सोडून द्या. कोरडी साठवण त्याची बरीच उणीव भरून काढते.

कोरडं ठेवणं

क्युप्रस क्लोराइडला जागं व्हायला हवेत साधारण ४२ ते ४६ टक्क्यांहून जास्त आर्द्रता लागते. मुंबई, कोकण, गोवा इथं पावसाळ्यात ती ८० च्या पुढे असते. घाटावर उन्हाळा बरा जातो, पण जून ते सप्टेंबर तिथंही धोक्याचेच. म्हणून डब्यातली आर्द्रता ४० च्या खाली ठेवायची. घट्ट झाकणाचा, रबरी पट्टी असलेला पॉलिप्रॉपिलीनचा डबा. दोन लिटरच्या डब्याला ५० ग्रॅम सिलिका जेल. आत छोटा आर्द्रतामापक. मापक ४० ओलांडायला लागला की जेल बदला. रंग बदलणारं नारिंगी जेल घ्या. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं. ओलं झालेलं जेल ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवलं की परत कामाला येतं. पावसाळ्यात डबा उघडायचाच असेल तर वातानुकूलित खोलीत उघडा आणि लगेच बंद करा.

पाकिटं माइलर (पारदर्शक पॉलिएस्टर) किंवा पॉलिप्रॉपिलीनची घ्या. पाकीट पीव्हीसीचं आहे का हे ओळखायला तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवा, प्लास्टिकला टेकवा, परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे. उघड्या हवेत करा, तो धूर वाईट असतो. माइलरच्या खिडकीची पुठ्ठ्याची चौकट चांगली, पण तिला मारलेल्या टाचण्या दमट हवेत गंजतात आणि गंज नाण्यावर उतरतो. डांबरगोळ्या, कापूर, रबरबँड, वर्तमानपत्र, नवं प्लायवुडचं कपाट हे सगळं नाण्यांपासून दूर.

चांदीचा रुपया काळा पडला तर

काही करू नका. १९४० च्या आधीच्या रुपयात ९१.७ टक्के चांदी आहे, वजन ११.६६ ग्रॅम; त्यावरचा काळा-निळा-सोनेरी रंग म्हणजे हवेतल्या गंधकानं झालेलं सिल्व्हर सल्फाइड. ते पातळ असतं आणि धातूला खात नाही. टूथपेस्ट, रांगोळी, राख यांनी घासलं की बारीक रेघा उठतात, आणि तिरक्या दिव्याखाली त्या जाणकाराला लगेच दिसतात. ॲल्युमिनियमची फॉइल आणि खाण्याच्या सोड्याचा उपाय काळेपणा घालवतो खरा, पण नाण्याची मूळ झळाळी परत येत नाही, मृत पांढरेपणा येतो. पीसीजीएस, एनजीसी या नाण्यांची प्रत ठरवणाऱ्या कंपन्यांकडून असं नाणं ‘क्लीन्ड’ असा शेरा घेऊन येतं आणि किंमत घसरते. चांदीवर हिरवं दिसलं तर ते तिच्यातल्या तांब्याचं किंवा पीव्हीसीचं. १९४० पासूनच्या, निम्मीच चांदी असलेल्या रुपयांत हे जास्त दिसतं. उपाय ॲसिटोन.

लक्ष्मीपूजनात घरचे जुने रुपये पंचामृतानं धुण्याची रीत अनेक घरांत आहे. ती मोडा असं सुचवायचं नाही, पण पूजेची नाणी आणि संग्रहाची नाणी वेगळी ठेवा. दही आंबट, मध चिकट, हळदीचा डाग पक्का. पूजा झाल्यावर नाणी त्याच दिवशी डिस्टिल्ड पाण्यात धुऊन, टिपून, वाळवून ठेवली तर बरंचसं नुकसान टळतं.

ज्या नाण्यांना वरचे उपाय लावायचे नाहीत

१९६० च्या दशकापासूनची ॲल्युमिनियमची पैशांची नाणी सोड्याच्या द्रावणात विरघळतात. त्यांना ॲसिटोन आणि कोरडी हवा एवढंच. सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांवर पांढरी पूड दिसली तर ती लाकडातून, पुठ्ठ्यातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेनं झालेली असते आणि विषारी असते. ती कोरड्या ब्रशनं झाडू नका, नाणं साध्या डिस्टिल्ड पाण्यातही बुडवून ठेवू नका, शिसं त्यात विरघळतं. लाकडी कपाटातून बाहेर काढा आणि जाणकार संवर्धकाला दाखवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या संवर्धनाचं केंद्र आहे. नाणं नेमकं कोणतं हे ठरवायला नाशिकजवळ अंजनेरीची नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे.

विकत घेताना एकसारखा चॉकलेटी किंवा काळा रंग दिसला तर सावध व्हा. घासून गुलाबी झालेलं नाणं गंधकाच्या रसायनानं परत रंगवतात. अक्षरांच्या कडेला, खोबणीत भिंगानं पाहा : तिथं गुलाबी तांबं डोकावत असेल तर रंग नवा आहे. अशा नाण्यात नंतर हिरवे ठिपके फुटण्याची शक्यताही जास्त, कारण ते आधी आम्लातून गेलेलं असतं.

आणि शेतात नांगरताना किंवा पाया खणताना सापडलेली नाणी मुळीच धुऊ नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेल्या, दहा रुपयांहून जास्त मोलाच्या ठेव्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. नाण्यांना चिकटलेली माती, ज्या मडक्यात ती होती त्याचे तुकडे, नाण्यांचा गठ्ठा एकमेकांना कसा चिकटला होता, हे सगळं काळ ठरवायला लागतं. गठ्ठा सुटा करू नका, आहे तसा कागदात गुंडाळून सावलीत ठेवा आणि जागेची खूण करा.